दाराने येणारा सेंटर

मंडळाच्या गणपतीत किंवा कुणाकडे पूजेला नवीन ओळख झाली की दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "आपण कुठे होता?" विचारणारा बहुधा पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला असतो, नाहीतर सत्तर सालाच्या सुमारास आलेले एखादे रिटायर डॉक्टर. मी सांगतो, "हॉकी टीममध्ये होतो." समोरच्याची नजर माझ्या पोटापासून गुडघ्यापर्यंत एकदा जाऊन येते. मग मीच त्याची सुटका करतो. "दार उघडायला होतो," असं सांगून टाकतो.

ते खोटं नाही. कॅनडातल्या रेजिना शहराच्या, बर्फावर हॉकी खेळणाऱ्या एका व्यावसायिक संघाचं सामान मी सांभाळत होतो. इंग्रजीत त्याला इक्विपमेंट मॅनेजर असं भारदस्त नाव आहे. आमचा संघ मोठ्या लीगमधला नव्हे, तिच्या बऱ्याच पायऱ्या खालचा. वर चढणारी पोरं आणि खाली उतरणारे बाप्ये आमच्या जिन्यात एकमेकांना भेटायचे. त्यांच्या स्केट्सना धार लावायची, फाटलेलं शिवायचं, घामानं भिजलेलं धुवायचं, आणि मॅच चालू असताना खेळाडूंच्या बाकाच्या टोकाला उभं राहून दार उघडायचं, एवढी माझी कामं. माझी बायको सुनंदा प्रांत सरकारच्या कचेरीत होती. मी घरी आलो की तिचं पहिलं वाक्य कायम एकच असायचं. "आधी बेसमेंटच्या वॉशरूममध्ये जा, मग बोला."

धार लावणं मला नवीन नव्हतं. सांगलीत पंपाच्या कारखान्यात मी टूलरूमला ग्राइंडिंगवर होतो. स्केटचं पातं सुरीसारखं घासत नाहीत. चाकाची कड हिऱ्यानं गोल करून घेतात आणि मग पातं त्यावरून लांबीनं फिरवतात. त्यामुळे पात्याच्या बुडाशी बारीक पन्हळ पडते आणि तिच्या दोन्ही काठांना धार येते. पन्हळ खोल असेल तर पातं बर्फाला घट्ट धरतं, वळायला बरं, पण घसरायला जड. उथळ असेल तर माणूस सुळकन जातो, पण थांबताना परीक्षा होते. प्रत्येकाचं वजन वेगळं, चाल वेगळी, त्यामुळे प्रत्येकाची धार वेगळी. शिंप्याला जशी गिऱ्हाइकाची मापं पाठ असतात तशी मला या धारा पाठ होत्या, आणि या बाबतीत मी मुळीच विनय दाखवणार नाही.

खेळाडू मला शिंडी म्हणायचे. आडनाव शिंदे. हॉकीत आडनावाला शेपूट लावल्याशिवाय हाक मारता येत नाही असा त्यांचा समज आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एकाला डावा स्केट आधी घासून हवा असायचा, उजवा आधी घेतला तर तो दोन्ही परत करायचा. एक गोलकीपर स्वतःच्या पॅडशी बोलायचा आणि मी तिथून गेलो की गप्प व्हायचा, जणू मी त्यांच्या घरगुती भांडणात डोकावलो. संघ जिंकत असला की बनियन धुवायला न देणारे तर निम्मे होते. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे जाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण हॉकीवाल्यांपुढे ती नास्तिक म्हणायची. यांचा एकच कायदा. जिंकत असताना काही म्हणजे काही बदलायचं नाही, आणि जिंकताना जे चुकून घडलं असेल ते पुन्हा मुद्दाम घडवायचं. हा कायदा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खेळाबद्दल थोडं. बर्फावर गोलकीपर सोडून पाच जण. त्यातले पुढचे तीन म्हणजे एक फळी, दोन बाजूला दोन विंगर आणि मध्ये सेंटर. अशा चार फळ्या असतात आणि त्या आलटून पालटून खेळतात, कारण जीव तोडून स्केटिंग केलं की मिनिटभरात माणूस संपतो. पहिली फळी म्हणजे संघाचा कणा. ती सगळ्यात जास्त वेळ खेळते आणि समोरच्यांची सगळ्यात तगडी माणसंही तिच्याच अंगावर येतात. चौथी फळी पहिलीला दम खाता यावा म्हणून असते. आणि सेंटरचं खास काम असं, की खेळ थांबला की पंच दोन्हीकडच्या सेंटरच्या मध्ये पक टाकतो, रबराची ती काळी चकती, आणि ती ज्याला मिळेल त्याचा डाव. त्याला फेसऑफ म्हणतात.

बाहेरच्या माणसाला नवल वाटतं ते बदलीचं. खेळ न थांबता माणसं बदलतात. दमलेला बाकाकडे येतो आणि ताजा माणूस बर्फाभोवतीच्या कठड्यावरून उडी मारून आत जातो. मी शाळेत खो-खो खेळलेला, म्हणून मला हे पहिल्या दिवशी कळलं. जाणारा अगदी जवळ आल्याशिवाय नव्यानं उतरायचं नाही. खो मिळण्याआधी उठलास तर फाऊल. इथे त्याची शिक्षा म्हणजे दोन मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळायचं. बाकाला एक अरुंद दारही असतं, पण तरुण पोरांना दारानं जायची लाज वाटते. माझ्या दाराला गिऱ्हाईक एकच होतं, लाइल.

लाइल आमच्याकडे चौथ्या फळीचा सेंटर होता. यॉर्कटनकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, छत्तिशीचा, रुंद, कमी बोलणारा. पोरं त्याला पॉप्स म्हणायची. मी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा, पण म्हातारा तो. त्याचा उजवा खुबा आखडलेला होता. पाय कठड्याच्या वर उचलायचा म्हणजे त्याला आधी विचार करावा लागे, आणि हॉकीत तेवढा वेळ नसतो. म्हणून तो दारानं यायचा आणि दारानं जायचा. फेसऑफला मात्र त्याचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नव्हता. उभी हयात तो या गावातून त्या गावात तिसऱ्या-चौथ्या फळीत खेळला. पहिल्या फळीत एकदाही नाही.

सरावाला प्रत्येक फळीच्या जर्सीचा रंग वेगळा असतो. पहिलीचा लाल, चौथीचा पिवळा. कोच मला सकाळी सांगायचा आणि मी त्याप्रमाणे खुंट्यांवर जर्स्या लावायचो. पोरं आत येताना आधी स्वतःच्या खुंटीकडे बघायची. कुणी बढती-बदली तोंडानं सांगत नसे, रंग सांगायचा. लाइलच्या खुंटीवर मी इतके दिवस पिवळी लावत होतो की ती तिथेच उगवते असं वाटावं.

ही गोष्ट दोन हजार आठच्या आसपासच्या हिवाळ्यातली. ख्रिसमसच्या सुट्टीआधी आमच्या पहिल्या फळीच्या सेंटरचं मनगट मोडलं. तो या सीझनमध्ये परत येणार नाही हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोच माझ्या खोलीच्या दारात आला. अंगानं बारीक, आवाजानं जाड, हातात कायम कॉफी.

"लाइलला लाल लाव," तो म्हणाला.

मी पिवळी हातात धरून तसाच उभा राहिलो. सामानवाल्यानं मत द्यायचं नसतं, हा या धंद्याचा पहिला नियम. पण चेहऱ्यावर काहीतरी आलं असणार.

"त्या दोन घोड्यांच्या मध्ये कुणीतरी शहाणा माणूस हवा," कोच म्हणाला. "झेपेल का त्याला?"

"मला विचारतोस?"

"मी सगळ्यांना विचारतोय. आज पेट्रोल भरताना पंपावरच्या माणसालाही विचारलं."

दोन घोड्यांपैकी एक टायलर, विशीतला, वाऱ्यासारखा वेगवान आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी त्याची गत. दुसरा मार्को, टायलर जे करेल ते करणारा. लाइल आत आला, खुंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. त्यानं ती लाल जर्सी बराच वेळ मांडीवर ठेवली आणि मग घातली.

घरी मी सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नाइट वॉचमन."

"नाइट वॉचमन एक संध्याकाळ खेळतो. ह्याला अख्खा सीझन काढायचाय."

"मग एवढं टेन्शन तुम्ही का घेताय? तुम्ही फक्त दार ओपन करा."

आमची मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "ही इज टू ओल्ड, बाबा." सगळ्या रेजिनाचं तेच मत होतं. कॉफीच्या दुकानात, रेडिओवर, गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटरची वायर लावताना शेजाऱ्याशी, जिकडेतिकडे एकच चर्चा. म्हाताऱ्याला पहिली फळी झेपेल का?

पहिल्या दोन मॅचेसमध्ये नाही झेपली. फेसऑफ लाइल जिंकायचा, पण नंतर ते दोघे घोडे सुटायचे आणि हा मागे राहायचा. त्यांना बर्फावरून परत यायचं भान नसे. आता गोल होईल, मग गोल होईल, असं करत ते रेंगाळायचे आणि यांना सोडून कसं जायचं म्हणून लाइलही थांबायचा. दाराशी यायचा तेव्हा त्याचे ओठ पांढरे झालेले असायचे. सगळी सोंगं आणता येतात, दमाचं आणता येत नाही. दोन्ही मॅच आम्ही हरलो, आणि दुसरीत निर्णायक गोल झाला तेव्हा लाइल बर्फाच्या मध्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तो माझ्या खोलीत आला आणि उलट्या बादलीवर बसला. मी त्याचे स्केट्स चाकाला लावणार होतो.

"पन्हळ जरा खोल करून देऊ का?" मी विचारलं. "वळायला सोपं जाईल."

"नको. पाय ठीक आहेत." त्यानं हातानं छातीकडे खूण केली. "हे संपतं. आणि मी दारात हरतो, शिंडी."

"दारात?"

"मी दमलो की निघतो. मग बाकापर्यंत यायचं, दारातून आत घुसायचं. बाकीचे उडी मारतात. मी येईपर्यंत समोरचे आमच्या गोलपाशी पोचलेले असतात."

मी म्हटलं, "मी दार आधीच उघडून ठेवतो."

त्यानं जोरात नकारार्थी मान हलवली आणि त्याचं बरोबर होतं. दार आतल्या बाजूला उघडतं. उघड्या दारापाशी कुणी धडकलं तर कठड्याच्या टोकावर बरगड्या जातात. दार आधी उघडायचं नाही हे मी नव्या मदतनिसांना स्वतः शिकवत असे, आणि आता मीच बरळत होतो. हाताशी काही उपाय नसला की माणूस असंच काहीतरी बोलतो.

मग लाइल म्हणाला, "मी दमल्यावर निघतो. दमायच्या आधी निघालो तर?"

हे ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या फळीचा माणूस अर्ध्यातून परत येतो हे त्या खेळात कुणाला पटत नाही. पहिली फळी म्हणजे जास्त वेळ, तोच तर तिचा मान. लाइलचा हिशेब असा होता की जास्त वेळा जायचं आणि दर वेळी थोडं खेळायचं. त्यात एकच मेख होती. तो मध्येच निघाला की त्याच्या जागी दुसरा सेंटर त्याच क्षणी हवा, नाहीतर टायलर आणि मार्को मधल्या माणसाशिवाय उघडे पडणार.

दुसऱ्या फळीचा सेंटर केविन. गुणी पोरगा, पण बाकावर इतका गोंगाट असतो, सगळेच ओरडत असतात, की कधी उतरायचं हे त्याला ऐकूच येत नसे. तो कधी आधी उठायचा, कधी नंतर. मी लाइलला म्हटलं, "आमच्याकडे एक खेळ आहे." आणि त्या खोलीत, बादल्या आणि काठ्यांच्या ढिगात, मी त्या दांडगट माणसाला खो-खो समजावला. बसलेल्या गड्याला मागे काय चाललंय ते दिसत नाही. त्याच्या पाठीवर हात पडतो, तेव्हा तो उठतो. आधी नाही, नंतर नाही.

"पाठीवर हात," लाइल म्हणाला.

"एक हात दाराच्या कडीवर, एक हात केविनच्या पाठीवर. तू टप्प्यात आलास की थाप. त्यानं उडी मारली की कडी."

कोचची परवानगी लाइलनंच घेतली. दोन सकाळी आम्ही रिकाम्या बर्फावर तेवढंच केलं. लाइल येतोय, मी थाप देतोय, केविन उडतोय, दार उघडतंय. झाम्बोनीवाला बर्फ गुळगुळीत करायला यायचा आणि आम्ही काय खूळ लावलंय ते बघत उभा राहायचा. मी लाइलच्या खांद्यांकडे बघायला शिकलो. परतायचं ठरलं की त्याचा डावा खांदा आधी खाली यायचा. तेव्हापासून मी खेळ असा पाहिलाच नाही, खांदेच पाहिले. त्या सीझनचे कितीतरी गोल लोकांनी मला नंतर वर्णन करून सांगितले, ही माझी एक खंत आहे.

टायलर चिडला. या नव्या पद्धतीच्या पहिल्या मॅचनंतर तो ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "आम्ही गोल मारायला निघालो की पॉप्स घरी जातो."

लाइल बुटाची लेस सोडत होता. "तूही घरी ये," तो म्हणाला. "तू दमल्यावर तुझा पास चुकतो. तुला दिसत नाही, मला दिसतं."

टायलरला ते लागलं. पण पुढच्या मॅचला तो लवकर परत आला, बहुधा म्हाताऱ्याला खोटं पाडायला, आणि ताज्या दमानं दोन गोल मारून बसला. मग त्याचा विरोध मावळला. आम्ही जिंकायला लागलो. एक मॅच, मग दुसरी, मग ओळीनं. रेडिओवरचा माणूस म्हणू लागला की हे आपण पहिल्यापासून सांगत होतो. थाप देणारा माझा उजवा हात मी त्या दिवसांत जरा जपूनच वापरायचो.

आणि इथे तो कायदा आडवा आला.

जिंकताना जे घडतं ते पुन्हा घडवायचं. पोरांनी डोकं लावलं की आपण का जिंकतोय? तर लाइल दारानं येतो म्हणून. दार लकी आहे. एके दिवशी टायलर उडी मारून यायच्या ऐवजी दारानं आला. मी म्हटलं असेल काही. त्या दिवशी जिंकलो. झालं, पुढच्या मॅचला मार्कोही दारानं. मी सांगून बघितलं की बाबांनो, हे दार एका माणसाचं आहे. टायलर गंभीरपणे म्हणाला, "शिंडी, जिंकत असताना काही बदलायचं नसतं."

फेब्रुवारी संपत आला होता. बाहेरून खेळाडू घ्यायचा असेल तर त्यासाठी लीगनं घातलेली मुदत जवळ आली होती. त्या आठवड्यातल्या मॅचला बरोबरी होती आणि खेळाचा तिसरा, शेवटचा भाग चालू होता. लाइलचा खांदा खाली आला. मी केविनच्या पाठीवर थाप दिली, तो उडाला, त्याच्याबरोबर दुसऱ्या फळीचे दोघे विंगरही उडाले, मी कडी काढली. आणि त्या अरुंद दारात टायलर आणि मार्को दोघे एकदम घुसले. अडकले. एकाची काठी माझ्या बरगडीत, दुसऱ्याचं हेल्मेट कठड्यात. दोघांच्या मागे लाइल, अजून बर्फावरच. तेवढ्यात पक कुठूनतरी आला आणि त्याच्या पायाला लागला. वीस वर्षांच्या सवयीनं त्यानं तो काठीनं ढकलला. पंचाचा हात वर गेला. माणूस जास्त.

त्या दोन मिनिटांत आमच्यावर गोल झाला आणि आम्ही हरलो. मला अजूनही ते दार आठवलं की आधी हसू येतं आणि मग तो गोल आठवतो.

कोच ओरडला नाही, ते जास्त वाईट. तो म्हणाला, "उद्यापासून दार फक्त पॉप्ससाठी. बाकी कुणी दिसलं तर त्याला मी कायमचं दार दाखवीन." मग सगळे गेल्यावर तो माझ्या खोलीत आला. "अल्बर्टात एक सेंटर आहे. तरुण आहे. शनिवारच्या मॅचनंतर मला वर सांगायचंय, आणायचा की नाही."

"पण आज लाइलची चूक नव्हती."

"माहीत आहे. पण प्लेऑफ तोंडावर आहेत. दाराची आणि खांद्याची एवढी तजवीज करून ज्याला खेळवावं लागतं, त्याच्यावर मी किती विसंबू?"

लाइलला हे कुणी सांगितलं ते माहीत नाही, पण शुक्रवारी स्केट्स द्यायला आला तेव्हा त्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "नेहमीची धार, शिंडी. काही वेगळं नको."

शनिवारी थंडी इतकी होती की गाड्या चालू व्हायला कुरकुरत होत्या, तरी हॉल भरला होता. लाइल त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता, म्हणजे त्याचे खांदे पाहिले नव्हते. जा, फेसऑफ जिंक, चार पास दे, परत ये. थाप, उडी, कडी. माझा डावा हात आणि उजवा हात एकमेकांना न विचारता चालले होते. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गोलनं पुढे होतो. समोरच्यांनी गोलकीपर बाहेर काढून जास्तीचा एक गडी चढाईला उतरवला, आणि पंचानं शिट्टी मारली. फेसऑफ, आमच्या गोलच्या अगदी पुढ्यात.

हा क्षण लाइलसाठीच केलेला होता. अशा वेळी संघातला सगळ्यात चांगला फेसऑफवाला जातो, आणि तो कोण हे पोरंही सांगतील. पण लाइल शिट्टी झाल्याबरोबर दम खायला आत आला होता. तो बाकावर माझ्यापुढे बसला होता आणि माझा हात सवयीनं त्याच्या पाठीवर होता. पाठ भात्यासारखी चालली होती.

"पॉप्स," कोच बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला. "जा."

हॉकीत कोचनं नाव घेतलं की नाही म्हणायची रीत नाही. तोंडातून रक्त येत असलं तरी माणूस उठतो. मी कडीला हात घातला. कोच बघत होता. त्याला काय बघायचं होतं ते मला माहीत होतं आणि लाइललाही. अल्बर्टाचा तो तरुण सेंटर आमच्या तिघांच्या मध्ये उभा असल्यासारखा होता. उठ बाबा, मी मनात म्हणालो, एकदाच उठ.

लाइलनं मान हलवली. नाही.

मग तो शेजारी वळला आणि हातमोज्याचा पंजा केविनच्या पाठीवर दाणकन ठेवला. केविननं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि उडी मारली. कोचचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, या माणसानं आयुष्यभराची कमाई आत्ता माझ्या डोळ्यांपुढे बर्फावर टाकून दिली.

केविन फेसऑफ जिंकला असं सांगायला मला आवडलं असतं. तो जिंकला नाही. पण त्यानं समोरच्याच्या काठीत काठी अशी गुंतवली की पक कुणालाच मिळेना, आणि शेवटी टायलरनं झडप घालून तो दूर भिरकावला. भोंगा झाला. आम्ही जिंकलो. पोरं कठड्यावरून बर्फावर सांडली. कोच मात्र तडक आत निघून गेला.

लाइल नंतर स्केट्स घेऊन खोलीत आला, बादलीवर बसला. मी न राहवून विचारलं, "गेला असतास तर काय झालं असतं?"

"हरलो असतो. हात थरथरत होते."

"कोच काय म्हणेल?"

"म्हणेल ते म्हणेल." त्यानं स्केट्स माझ्याकडे सरकवले. "शिंडी, चौथ्या फळीत मला कुणी असं विचारलंच नाही कधी, मग नाही कुणाला म्हणणार? पहिल्या फळीतला माणूसच नाही म्हणू शकतो. आज म्हटलं."

त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट, चांगलं जेवण झालेल्या माणसासारखा तो दिसत होता. मला मात्र घरी जेवण गेलं नाही. सुनंदानं विचारलं, "जिंकलात ना? मग तोंड का असं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "शहाणा आहे. ऑफिसात आमच्याकडे एकही मॅनेजर असा नाही." तेवढ्यानं बरं वाटलं, पण झोप लागली नाही.

रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी मी लवकर गेलो. बाकीच्या खुंट्या भरल्या आणि लाइलच्या खुंटीपुढे दोन्ही हातांत दोन जर्स्या घेऊन उभा राहिलो, एक लाल, एक पिवळी. दोन्ही मीच धुतलेल्या. कोच कॉफी घेऊन आला.

"लाइलला कुठली?" मी विचारलं.

त्यानं आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "शिंडी, इतक्या वर्षांत मला बाकावरून खरं सांगणारा एक सेंटर मिळालाय. त्याला मी पिवळी घालू?" तो वळला आणि जाता जाता म्हणाला, "आणि त्या दाराला तेल घाल. कुरकुरतं."

अल्बर्टाचा सेंटर आला नाही. प्लेऑफमध्ये आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो, पण शेवटच्या मॅचपर्यंत पहिल्या फळीचा सेंटर लाइलच होता. झेपलं का, असं आता कुणी विचारलं तर मी एका शब्दात सांगतो, झेपलं. हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्हाला पुढचं काही माहीत नव्हतं. पोरं एकेक करून आली, आपापल्या खुंटीकडे बघून कपडे करू लागली. लाइल शेवटी आला. खुंटीसमोर उभा राहिला. लाल जर्सी काढली, अंगात घातली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

सरावाला पोरं कठड्यावरून धडाधड बर्फावर उतरली. लाइल दाराशी येऊन थांबला. मी कडी काढली. तेल घातलं होतं, दार मुकाट्यानं उघडलं. तो बाजूनं जाताना मी त्याच्या रुंद लाल पाठीवर थाप मारली आणि सांगलीच्या शाळेच्या मैदानावर ओरडायचो तसा, पण त्याच्यापुरताच, म्हणालो, "खो."